रोजचे वीस शब्द

१२ जुलै १९७०, डमडम, कलकत्ता

शाळा सुटल्यापासून डायरी लिहिली नव्हती. जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर आम्हा बोर्डिंगच्या मुलींना रोज दहा ओळी लिहायला लावत आणि शनिवारी स्वतः वाचत. त्या वाचणार हे ठाऊक असल्यामुळे आम्ही सगळ्या धडधडीत खोटं लिहायचो. 'आज मी कोणाचा हेवा केला नाही.' ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

खरं हे, की हे हॉस्पिटलमधून घरी आले आहेत आणि मला यांची भीती वाटते.

जूनमध्ये फर्स्ट इयरच्या वर्गात सरासरी शिकवताना यांच्या हातातला खडू पडला. मुलांनी उचलून टॅक्सीत घातलं. पक्षाघात. पाय बराच सुधारला, उजवा हात अजून जड आहे. पण शब्द गेले. डॉक्टर म्हणतात, त्यांना कळतं सगळं, फक्त वस्तूचं नाव जिभेवर येत नाही. सव्वीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलेला माणूस चमच्याकडे बघून घाम पुसतो.

आज सकाळी पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "जोल." पाणी नाही, जोल. यांचा जन्म इथलाच, भवानीपूरच्या गल्लीत वाढलेले. पण बंगाली उंबऱ्याबाहेरची, मराठी घरातली आणि इंग्रजी वर्गातली, ही वाटणी आमच्या लग्नापासून कधी मोडली नव्हती. मी पाणी दिलं. प्यायले. मला उगीचच वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या नवऱ्याला पाणी दिलं.

पुण्याहून लीनाचा ट्रंककॉल आला होता. तिला सातवा महिना आहे, प्रवास करून येता येत नाही. "आई, बाबांना दे ना फोन." मी रिसीव्हर यांच्या कानाला लावला. हे ऐकत राहिले. तिला वाटलं, लाइन तुटली.

१९ जुलै

परितोष आला होता. हा यांचा विद्यार्थी, आता यांच्याच विभागात शिकवतो. अजून यांना 'स्यार' म्हणतो आणि मला 'मासिमा', म्हणजे मावशी. यांच्या पायाला हात लावून समोर बसला आणि कॉलेजच्या गप्पा सांगत राहिला. परीक्षा पुढे गेल्या, फाटकाशी पोलिसांची गाडी उभी असते, भिंती नक्षलवाद्यांच्या घोषणांनी भरल्यात. हे मान हलवत होते, मध्येच हसलेही. बघणाऱ्याला वाटावं, काही झालंच नाही.

मी जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्याने खरी गोष्ट सांगितली. पूजेच्या सुट्टीनंतर प्रिन्सिपॉल आणि कमिटीतले दोघं यांना भेटणार. तोवर जागा राखून ठेवलीय. नोकरीची दोन वर्षं उरलीत. वर्ग घेता येईल असं वाटलं तर फर्स्ट इयर देतील, नाहीतर निवृत्ती.

"स्यारना वर्ग नसला तर," एवढं म्हणून तो थांबला. पुढचं मला सांगायची गरज नव्हती. रविवारीसुद्धा हे जेवणाच्या टेबलाशी बसून मला सोमवारचं लेक्चर ऐकवायचे. मी भाजी निवडत 'हं, हं' करायचे. एक अक्षर ऐकलं नाही कधी.

परितोष म्हणाला, "मासिमा, 'आज बरे आहेत' एवढं सांगून तिथे भागणार नाही. मोजा. रोज वीस वस्तू दाखवा, किती नावं बरोबर येतात ते लिहा. कमिटीपुढे डेटा ठेवू."

"नाव कुठल्या भाषेत हवं?"

"वर्ग इंग्रजीत आहे. पण तुम्ही म्हणाल ते. मात्र आधी ठरवा. काय मोजायचं ते मोजायला लागल्यावर बदलायचं नसतं. हे स्यारचंच वाक्य."

मी म्हटलं, मराठी.

२१ जुलै

ताटात वीस वस्तू मांडल्या. वीसपैकी तीन, आणि तिन्ही बंगालीत. ठरल्याप्रमाणे तिन्ही चूक धरायला हवी होती. शून्य लिहिताना हात थांबला, म्हणून आजचा दिवस सरावाचा धरला.

२ ऑगस्ट

पाच, सहा, चार, सात. परितोषने यांच्याच फर्स्ट इयरच्या नोट्स मला वाचायला दिल्या. आकड्यांची बेरीज करून जितके आकडे तितक्यांनी भागायचं, ही सरासरी. एवढं मला येतं. चौथीत येत होतं.

पण गुरुवारी कोपऱ्यावर दोन बाँब फुटले. बाजार बंद, लोक धावताहेत, आणि मी आपली ताट घेऊन बसले. एकही शब्द आला नाही. त्या एका दिवसाने सगळ्या आठवड्याची सरासरी खाली आणली. आज परितोषला सांगितलं तर हसला. "एकच वात्रट आकडा असतो, मासिमा, पण सगळ्यांना ओढून नेतो. म्हणून मीडियन काढतात. आकडे चढत्या क्रमाने उभे करा आणि मधल्याला विचारा."

मला हा मीडियन फार आवडला. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायचे तेव्हा मी बरोबर मध्ये असायचे. पुढची ठेंगणी शांता आणि मागची ताडमाड रोझ, दोघी कितीही दंगा करोत, मधलीला काही फरक पडत नसे. मीडियन तसाच. कोणाच्या आरड्याओरड्याला बधत नाही. आता मीडियनच काढणार. गुरुवार त्यात आपोआप बुडाला.

दुसरंही एक ठरवलंय. वस्तू ओळखली, नाव घेतलं, मग भाषेचा एवढा बाऊ कशाला? उद्यापासून बंगालीही बरोबर.

१८ ऑगस्ट

अकरा.

इस्त्री, थर्मामीटर आणि कुलूप या तीन वस्तू काढून टाकल्या. त्या दाखवल्या की यांचा चेहरा लाल होतो, डावा हात टेबलावर आपटतात. आजारी माणसाला रडवून काय मिळवायचं? त्यांच्या जागी कप, छत्री, चष्मा घेतले. या रोज यांच्या हाताखाली असतात.

एक मात्र चांगलं झालंय. सकाळी चहानंतर हे टेबलाशी बसतात आणि यांचे ओठ हलत असतात. कितीतरी वेळ पुटपुटणं चालतं. डाव्या हाताची बोटं कपावरून चष्म्यावर, चष्म्यावरून छत्रीवर अशी जपमाळ ओढल्यासारखी फिरतात. मी आत गेले की गप्प. जन्मभर देवघराकडे पाठ फिरवलेला हा माणूस, त्याला नाव घ्यावंसं वाटलं. मी बघितलं नाही असं दाखवते. पुरुषांना श्रद्धेची लाज वाटते.

५ सप्टेंबर

काल गणपती बसवला. यांच्या आजारपणात मी नको म्हणत होते, पण गार्डन रीचहून प्रेमलता सकाळीच मोदकांचं पात्र घेऊन हजर. तिचे यजमान रेल्वेत. दोन वर्षांपूर्वी भुसावळहून बदलून आले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण माझ्या घरात माझ्याआधी पदर खोचते.

आल्या आल्या यांच्यासमोर उभी राहिली. "काय दिगंबरराव, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण."

माणसांची नावं मी विचारत नाही. ह्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "गाडी."

मग प्रेमलता खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागली. "नवऱ्यावरून म्हणालात की माझ्या आकारावरून, तेवढं सांगा. म्हणजे मोदक किती खायचे ते ठरवते." हेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी घरात हसू ऐकलं.

हे उत्तर मी बरोबर धरलं नाही. पण चूकही धरलं नाही.

स्वयंपाकघरात तिला जपाचं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, सगळे शेवटी तिकडेच वळतात. आमच्या ह्यांना साधा ताप आला की मारुतीस्तोत्र सुरू. उतरला की पुन्हा ब्रिज." मग मी देवघरातली माझी तुळशीची माळ आणून यांच्या हाताशी ठेवली. ह्यांनी ती बाजूला सारली, अगदी हळू, मला वाईट वाटू नये इतपत.

२६ सप्टेंबर

सतरा. काल सोळा, परवा सतरा. आकडा एवढा स्थिर आला की मी तीनदा बेरीज तपासली. नोट्समध्ये मोड म्हणून आणखी एक गोष्ट आहे: जो आकडा सगळ्यात जास्त वेळा येतो तो. आमचा मोड सतरा. मीडियन सोळा. एकाच माणसाचं वर्णन किती बाजूंनी करता येतं. ही गंमत मला कोणी आधी का नाही सांगितली? सांगितली असेल. मी भाजी निवडत असेन.

लीनाला मुलगा झाला. व्याही स्वतः फोनवर होते, मग ती आली. मी तिला सगळं सांगितलं, मीडियनसकट. ती म्हणाली, "आई, ते माझं नाव घेतात का?"

फोन ठेवल्यावर तिचा फोटो यांच्यासमोर धरला. यांनी फोटोवरून अंगठा फिरवला. ओठ हलले. आवाज नाही. मी फोटो परत भिंतीवर लावला. नावं आपल्या वीसमध्ये नाहीतच. विशेषनामं सगळ्यात उशिरा येतात असं डॉक्टरही म्हणाले होते. निदान मला तसं आठवतं.

११ ऑक्टोबर

काल दसरा. इथल्यांची विजया. परितोष संदेश मिठाईची हंडी घेऊन नमस्काराला आला. मी आपट्याऐवजी दरवर्षीप्रमाणे देवकांचनाची पानं दिली आणि मग माझा तक्ता पुढे ठेवला. रंगीत पेन्सिलीने केला होता. रेघ कशी वर चढत गेलीय ते बघून तो उडी मारेल असं वाटलं होतं.

त्याने रेघेवरून नुसतं बोट फिरवलं. "मासिमा, या वीस वस्तू रोज त्याच?"

"मग? रोज बदलल्या तर तुलना कशाशी करणार?"

"आणि या कोणी निवडल्या?"

"कोणी म्हणजे? मीच. घर माझं आहे."

त्याने यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मग परितोष नुसती आठवण निघाल्यासारखं बोलू लागला. "फर्स्ट इयरच्या पहिल्या तासाला स्यार हाउझीच्या सोंगट्यांची पिशवी आणायचे. एक ते नव्वद. सगळ्या वर्गाची परीक्षा घेणं शक्य नाही, पाचच जणांवरून वर्ग कसा ते सांगायचंय, तर पाच कोण? आम्ही हुशार मुलांची नावं सांगायचो. स्यार म्हणायचे, हाताने निवडू नका. हाताला आवडनिवड असते. पिशवीला नसते."

मी म्हटलं, "आणखी एक संदेश घे." त्याने घेतला, पण खाल्ला नाही.

१ नोव्हेंबर

परवा दिवाळी झाली. आज दुपारी हे उठले, पुस्तकांच्या कपाटापाशी गेले आणि खालच्या फळीवरून एक निळी कापडी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मग आपलं फर्स्ट इयरचं पुस्तक आणलं, मागे शब्दांची यादी आहे ते पान उघडलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. एक शब्दही न बोलता मला सगळं समजावलं. प्रत्येक शब्दाला आकडा घालायचा. पिशवीतून सोंगटी काढायची. त्या आकड्याच्या शब्दाचा अर्थ मी वाचायचा, शब्द यांनी सांगायचा.

मी म्हटलं, "अहो, हे नको. आपलं ताट आहे ना."

पिशवी पुन्हा माझ्या हातात दिली.

पहिली सोंगटी. "आकड्यांची बेरीज भागिले आकड्यांची संख्या." लगेच म्हणाले, "मीन." मला धीर आला. त्यानंतर ओळीने सहा हुकले. मीडियनचा अर्थ वाचला तेव्हा हाताने रांग दाखवली, मधल्या जागी बोट ठेवलं. शब्द नाही. घाम सुटला, पण टेबलावर हात आपटला नाही. पुढची, असं खुणेने सांगायचे.

एक अर्थ असा निघाला: ज्या निवडीत प्रत्येकाला निवडून येण्याची सारखी संधी असते ती. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं. डोळ्यांत शब्द दिसत होता मला. मग माझ्या मांडीवरची पिशवी उचलून माझ्यासमोर हलवली. आतल्या सोंगट्या वाजल्या.

मी त्याला बरोबरची खूण केली. यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि डाव्या हाताने ती खूण खोडली.

वीसपैकी चार.

"आज थकलात तुम्ही. आणि हे शब्द काय घरात बोलायचे असतात? उद्या पुन्हा घेऊ." मी सोंगट्या गोळा करायला लागले. यांनी पिशवीची नाडी ओढून गाठ मारली, दातांनी. मग स्वतःच कपाटात ठेवून आले.

५ नोव्हेंबर

जप थांबलाय. त्या दिवसापासून सकाळी नुसते बसतात. समोर कप, चष्मा, छत्री तशीच, पण बोटं त्यांच्याकडे जात नाहीत. ताट मांडलं तर मान हलवतात. एवढी श्रद्धा लागली होती, ती एका दुपारीत गेली. मी यांच्या वाटचं देवाला सांगितलं.

१० नोव्हेंबर

प्रेमलता बजबजच्या बाजूला कोणाकडे डोहाळजेवणाला जाऊन येताना इकडे आली होती. एवढा वळसा घालून आली, म्हणजे माझा चेहरा फोनवरही दिसत असला पाहिजे. तिला चारबद्दल सांगितलं. परितोषला नाही सांगितलं.

ती म्हणाली, "ताई, तुम्ही सोळा सांगा. साहेब लोकांना आकडा लागतो. तो कुठून आला हे विचारायला कोणाला वेळ आहे? आमच्याकडे गाडीचा उशीरसुद्धा असाच लिहितात."

"खोटं होईल गं."

"खोटं कसं? रोज मांडलंत, रोज लिहिलंत. तुम्ही मनाने लिहिलंत का?"

नाही. मनाने लिहिलं नाही. प्रत्येक आकडा त्या दिवशी खरा होता. चार हा एका दिवसाचा आकडा. एकच वात्रट आकडा. मीडियनला असल्या आकड्याने काही होत नाही.

एकदा वर्गात उभे राहिले की येतीलही शब्द. खडू हातात आला की. माणसाला त्याच्या जागेवर नेऊन बघायला नको का? आणि नाही नेलं तर हे या टेबलाशी किती वर्षं बसतील, कप आणि चष्म्यासमोर?

सोळाच सांगणार.

१७ नोव्हेंबर

लिहून टाकते, नाहीतर उद्या दुसरंच काही लिहीन.

कॉलेजला टॅक्सीने गेलो. यांनी स्वतः निवडून जुना करडा कोट घातला. बटणं मी लावली. परितोष फाटकाशी होता. प्रिन्सिपॉलच्या खोलीत तिघं. प्रिन्सिपॉल फार सज्जन, ह्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेले. यांना हात धरून बसवलं. चहा आला. यांना अवघड जाईल असं काही कोणी विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटू लागली.

शेवटी प्रिन्सिपॉल माझ्याकडे वळले. "मिसेस दाबके, परितोष म्हणतो तुम्ही पद्धतशीर नोंद ठेवलीय. किती सुधारणा आहे?"

मी शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत, पाठ ताठ ठेवून सांगितलं, "वीसपैकी सोळा. हा मीडियन आहे."

तिघांचे चेहरे उजळले. एक जण म्हणाले, "ऐंशी टक्के. उत्तम." प्रिन्सिपॉलनी टाइमटेबल पुढे ओढलं. "तर मग जानेवारीपासून आठवड्याला दोन तास, हळूहळू—"

"नो," हे म्हणाले.

स्पष्ट. मोठ्याने. वर्गात म्हणायचे तसं. जूननंतर यांच्या तोंडून एवढा स्वच्छ इंग्रजी शब्द मी ऐकला नव्हता.

सगळे यांच्याकडे बघायला लागले. हे कोणाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. वाट बघत होते. परितोष दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

मला वाटलं, मी म्हणावं, यांना कळलं नाही, हे 'हो' म्हणताहेत, डॉक्टर म्हणालेत की कधीकधी उलटं निघतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. वाक्य तयार होतं. पण हे तसेच बघत राहिले, आणि ते वाक्य मला यांच्यासमोर म्हणता येईना.

प्रिन्सिपॉलनी हळूच विचारलं, "मग किती, मिसेस दाबके?"

"सोळा माझ्या वस्तूंचे," मी म्हटलं. "त्या मी निवडल्या होत्या. सोप्या. पिशवीतून काढले तर चार."

बाहेर कुठेतरी मुलं घोषणा देत होती. आणि हे हसले. माझ्याकडे बघून, सावकाश, तोंडाची उजवी बाजू पुरती उठत नाही तरी. जसं काही कितीतरी उशिरा, पण अगदी बरोबर उत्तर मी दिलं होतं. डाव्या हाताने टेबलावर दोनदा टकटक केली, 'छान, बसा' म्हणताना करायचे तशी.

त्यानंतर काय झालं ते सांगण्यासारखं नाही. निवृत्तीचे कागद झाले. प्रिन्सिपॉलनी डोळे पुसले. परितोषने टॅक्सीचं दार उघडून धरलं आणि माझ्याही पायांना हात लावला.

एवढं सगळं हातचं गेल्यावर या माणसाला कसला आनंद झाला, मला अजून कळलेलं नाही. मी चिडले होते. टॅक्सीत एक शब्द बोलले नाही. हे मात्र खिडकीला नाक लावून मोठमोठ्याने बोलत होते. श्यामबाजारला घोडा बघून 'पाखी', म्हणजे पक्षी, म्हणाले. बेलगाछियाच्या पुलावर 'नौका', का कोण जाणे. ट्रामला 'ट्राम' म्हणाले तेव्हा माझ्याकडे वळून पाहिलं. मी खूण करायला पेन्सिल शोधली नाही. थोड्या वेळाने यांचा जड हात उचलून माझ्या मांडीवर घेतला, आणि डमडमपर्यंत जे जे नाव हे घेतील ते मी यांच्यामागून म्हणत गेले.